हाताने कोरलेली लाकडी गिटार सोलापुरात बनवायची आहे? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

खालची सगळी मापं १६ इंच रुंदीच्या, आतून पोकळ, घुमटदार तबली (अंगाची वरची पाटी) आणि एफ-छिद्रं (इंग्रजी f अक्षराच्या आकाराची भोकं) असलेल्या गिटारसाठी आहेत. तारेची वाजणारी लांबी ६४८ मिमी धरली आहे. मापं मिलिमीटरमध्येच ठेवा. वखारीत आणि सुताराकडे इंच-सूत चालतं, पण एक सूत म्हणजे ३.२ मिमी. तबलीची कडेजवळची अख्खी जाडी तेवढीच असते, त्यामुळे "एक सूत इकडं-तिकडं चालतंय की" इथे चालत नाही.

नेहमीच्या अकूस्टिक गिटारपेक्षा ही वेगळी कशी?

नेहमीच्या गिटारची तबली म्हणजे अडीच-तीन मिमीची जवळजवळ सपाट पाटी असते आणि घोडी, म्हणजे ब्रिज, तिच्यावर चिकटवलेली असते. तारा त्या पाटीला वर ओढतात. कोरीव गिटारमध्ये २५ मिमी जाड लाकूड बाहेरून आणि आतून कोरून घुमट काढतात. घोडी नुसती टेकवलेली असते आणि तारा तिच्यावरून खालच्या टोकाच्या टेलपीसला, म्हणजे त्या अडकवायच्या पट्टीला जातात. म्हणजे तारा तबलीला खाली दाबतात. १२-५३ चा (सर्वांत पातळ तार ०.०१२ इंच, सर्वांत जाड ०.०५३ इंच) फॉस्फर ब्राँझ तारांचा संच सुरात आणला की एकूण ताण ७० किलोच्या पुढे जातो. घोडीवरून तार १४ अंशांनी मोडत असेल, तर त्यातला १७-१८ किलो भार सरळ तबलीवर येतो. घुमट आणि मधली जाडी कशासाठी, हे त्यावरून समजावं.

ही पद्धत अमेरिकेतल्या कॅलमझू गावच्या ऑर्व्हिल गिब्सन यांनी १८९० च्या दशकात रूढ केली. व्हायोलिनसारखी एफ-छिद्रं गिटारवर ठळकपणे आली ती १९२२ च्या गिब्सन एल-५ या मॉडेलबरोबर.

आयुष्यातली पहिलीच गिटार बनवतोय. हीच घेऊ का?

दोन फळ्यांच्या कडा रंध्याने अशा जुळवता येतात का, की मधून उजेड दिसत नाही? येत असेल तर घ्या. नसेल तर आधी भरीव अंगाची, फक्त वरून कोरलेली इलेक्ट्रिक गिटार करा. त्यात कोरण्याचा सराव होतो आणि चूक झाली तरी वाद्य मरत नाही. पोकळ गिटारला पहिल्या खेपेला दीडशे-दोनशे तास सहज लागतात. ज्यांना दिवाळीपर्यंत पुतण्याला भेट द्यायची आहे, त्यांनी विकत घ्यावी.

लाकूड कोणतं वापरायचं आणि ते सोलापुरात मिळतं का?

तबलीला जगभर स्प्रूस आणि पाठीला, बाजूंना मेपल वापरतात. दोन्ही इथली लाकडं नाहीत. वाद्यासाठी कापलेल्या जोड्या मागवाव्या लागतात. मागवताना "कोरीव गिटारसाठी, पाचरीच्या आकाराची जोडी" असं स्पष्ट सांगा, नाहीतर सपाट गिटारची चार मिमीची पाटी घरी येते. वखारीत "पाइन" म्हणून मिळणाऱ्या आयात मालात कधीकधी स्प्रूसची फळी असते. पण गाठ नसलेला, सरळ रेषांचा तुकडा निघायला ढीगभर माल उपसावा लागतो आणि वखारवाला एक-दोनदाच उपसू देतो.

देशी पर्याय असे. पाठीला आणि बाजूंना तून या झाडाचं लाकूड चांगलं. वजनाला हलकं, कोरायला मऊ, आणि मिरजेचे कारागीर सतार-तंबोऱ्याच्या तबलीला व दांडीला तेच वापरतात. शिवण झाडाचं लाकूडही चालतं, ते फारसं हलत नाही, पण मऊ असल्याने दणका बसला की खड्डा पडतो. शिसम दिसायला देखणा, पण घनमीटरला आठशे किलोच्या वर जातो. त्याची कोरीव पाठ गळ्यात अडकवून तासभर उभं राहून बघा. शिसम फिंगरबोर्ड (नेकवरची, बोटांनी तारा दाबायची पट्टी) आणि घोडीसाठी ठेवा. तबलीला देशी लाकूडच हवं असेल तर देवदार घ्या. तो तेलकट असतो, म्हणून चिकटवण्याच्या दहा मिनिटं आधी पृष्ठभाग ताजा खरवडून स्पिरिटने पुसायचा. आंबा टाळा, त्याला भुंगा लवकर लागतो. बाभूळ, कडुलिंब वगैरेंचा तर विचारच नको.

जात कोणतीही असो, फळीच्या टोकाकडून पाहा. वलयांच्या रेघा फळीच्या रुंद पृष्ठभागाशी काटकोनात उभ्या दिसल्या पाहिजेत. आडव्या रेघांची फळी कोरली की पावसाळ्यात वाकते, आणि आडव्या रेघांची तबली भाराखाली लवकर बसते.

एका गिटारला किती लाकूड लागतं?

तबली आणि पाठ यांना प्रत्येकी ५३० × २१५ × २५ मिमीचे दोन तुकडे, बाजूंना ८५० × ८५ मिमीच्या दोन पट्ट्या, नेकला ९०० × ८० × ७५ मिमीचा एक ठोकळा, फिंगरबोर्डला ५०० × ६५ × ७ मिमी. करवतीची चीर आणि गाठी धरून सव्वा घनफूट पुरतं. दीड घ्या. वखारीतून पक्कं बिल घ्या, विशेषतः शिसमाचं.

जुन्या वाड्याचं सागवान किंवा मोडलेल्या हातमागाचं लाकूड चालेल का?

नेकसाठी उत्तम. साठ-सत्तर वर्षं इथल्याच उन्हाळ्या-पावसाळ्यात मुरलेलं सागवान फार हलत नाही. हातमागाचे खांब सरळ आणि जाड असतात, त्यातून नेकचा ठोकळा निघतो. रंधा लावण्याआधी लोहचुंबक फिरवून खिळे शोधा, आणि ठोकून ऐका: पोकळ आवाज आला तर आत वाळवीचं घर आहे. सागवानात मेणासारखा अंश असतो, म्हणून इथेही ताजं खरवडणं आणि पुसणं आलंच. तबलीला मात्र सागवान नको, जड आणि मुका वाजतो.

लाकूड वाळलं आहे हे कसं ओळखायचं?

"पाच वर्षं पडून आहे" या शब्दावर जाऊ नका. कुठे पडून होतं, पत्र्याखाली की नाल्याकडेला, त्यावर सगळं आहे. दोन पद्धती वापरा. एक: तुकडे कामाच्या खोलीत, खाली-वर पट्ट्या देऊन रचा आणि दर रविवारी वजन करा. तीन आठवडे वजन तेच राहिलं, तर लाकूड खोलीच्या हवेशी जुळलं. दोन: कडेचा छोटा तुकडा कापून वजन करा, १०३ अंशांच्या ओव्हनमध्ये वजन घटायचं थांबेपर्यंत ठेवा. १०० ग्रॅमचा ९० ग्रॅम झाला, तर ओलावा १० भागिले ९०, म्हणजे ११ टक्के. चिकटवताना तो ८-९ टक्के हवा.

सोलापूरच्या हवेचा एवढा बाऊ कशाला?

कारण इथे कोरीव गिटार पटाशीमुळे सहसा बिघडत नाही, ओलाव्यामुळे बिघडते. एप्रिल-मेच्या दुपारी पारा चाळिशीपार असताना हवेतली सापेक्ष आर्द्रता २५ टक्क्यांच्या आसपास उतरते. ऑगस्टमध्ये ती ७०-८० वर असते. लाकूड दोन्हीकडे धावतं. ओलावा ४ टक्क्यांनी कमी झाला, तर ४०० मिमी रुंद स्प्रूसची तबली सुमारे अडीच मिमी आकसते. घुमट असल्यामुळे ती थोडी चपटी होऊन हे सोसते, सपाट पाटीसारखी लगेच तडकत नाही. पण तबलीला आतून आधार देणारी पट्टी लांबीत जवळपास हलत नाही, आणि तबली मात्र रुंदीत हलते. दोन्ही एकमेकींना चिकटवण्याचा दिवस म्हणूनच महत्त्वाचा.

नियम असा: तबली, पट्ट्या आणि पाठ चिकटवताना खोलीत ४० ते ४५ टक्के आर्द्रता हवी. जुलै-ऑगस्टमध्ये चिकटवलेली तबली पुढच्या उन्हाळ्यात आखडते, मध्ये बसते, आणि मग एफ-छिद्राच्या टोकापासून चीर सुटते. कोरड्या बाजूला चिकटवलेली पावसाळ्यात थोडी फुगते, घोडी एक मिमीने वर जाते, ती खाली घेता येते. चूक व्हायचीच असेल तर कोरड्या बाजूला होऊ द्या.

वेळापत्रक म्हणून हे बसतं: पावसाळ्यात आराखडा, साचे आणि हत्यारांना धार. दिवाळीनंतर सांधे आणि कोरीवकाम. जानेवारीत गड्ड्याची यात्रा उरकली की पट्ट्या, जोडणी आणि पॉलिश. मार्चअखेर वाद्य तारेवर.

ते जमत नसेल तर जुन्या लोखंडी कपाटाचा कोरडा डबा करा. तळाशी छोटा फिलामेंटचा बल्ब ठेवला की आर्द्रता उतरते, बल्ब बंद करून भांड्यात ओला स्पंज ठेवला की चढते. आर्द्रतामापक शंभर टक्के विश्वासाचा नसतो, तो तपासून घ्या: झाकणात मीठ, त्यावर चमच्याने पाणी, नुसता ओला रबडा होईल इतपत. मापकासह बंद पिशवीत आठ-दहा तास ठेवा. ७५ दाखवायला हवं. ७० दाखवलं तर पुढच्या प्रत्येक वाचनात ५ मिळवा.

हत्यारं कोणती लागतील?

कोरायला ३० ते ३५ मिमी रुंद, थोडी वक्र गोल पटाशी लांब मुठीची, आणि १५ मिमीची एक. सपाट पटाश्या ६, १२ आणि २५ मिमी. सांध्याला लांब रंधा, निदान १४ इंची. घुमटासाठी बोटभर लांबीचे, तळ गोल केलेले दोन छोटे रंधे. ते पितळेचे विकत मिळतात किंवा शिसमाच्या तुकड्यातून करता येतात. पोलादी खरवडपट्टी जुन्या करवतीच्या पात्यातून कापा. खोल तोंडाचं जाडीमापक लागतंच: प्लायचा यू आकार, तोंडाची खोली २२० मिमी, वर डायल गेज. उभा ड्रिल स्वतःचा नसेल तर एखाद्या फॅब्रिकेशनवाल्याकडे अर्धा दिवस मागून घ्या. शिकंजे तीसपेक्षा कमी पुरत नाहीत. सर्वांत जास्त वापर धार लावायच्या दगडाचा होतो. स्प्रूस मऊ असतो, बोथट पटाशी त्याला कापत नाही, चुरडते.

मास्क घाला. शिसम आणि सागवानाच्या भुशाने अनेकांना खाज, शिंका आणि दम्यासारखा त्रास होतो.

मधला सांधा दिसतो किंवा उघडतो. का?

फळी मधोमध चिरून दोन्ही भाग पुस्तकासारखे उघडतात आणि जाड कडा मधे येते. या कडा एकत्र धरून खिडकीपुढे न्या. कुठेही उजेड दिसला नाही तरच चिकटवा. दोन्ही टोकांना दाब यावा म्हणून मध्यभागी केसभर पोकळी ठेवणारे सुतार आहेत. फर्निचरला ते ठीक, इथे कडा सरळ हव्यात. सांधा उघडण्याचं नेहमीचं कारण म्हणजे सकाळी रंधा मारून संध्याकाळी चिकटवणं. तेवढ्यात कोरड्या हवेत कड हलते. रंधा मारल्यापासून अर्ध्या तासात डिंक लागला पाहिजे.

प्रत्यक्ष कोरायचं कसं?

आधी बाहेरची बाजू, ती पूर्ण झाल्यावरच आतली.

बाहेरून: कडेला ६ मिमी जाडीचा सपाट पट्टा सोडायचा आणि मध्यभाग २४ मिमीपर्यंत उंच ठेवायचा, म्हणजे घुमट १८ मिमीचा. आराखड्यावर दर ३ मिमी उंचीला एक अशा समोच्च रेषा काढा, नकाशात डोंगराला असतात तशा. त्या लाकडावर उतरवा. उभ्या ड्रिलला खोलीचा अडसर लावून प्रत्येक रेषेवर भोकं पाडा, पण ठरलेल्या उंचीच्या १ मिमी वरच थांबा. मग गोल पटाशीने भोकांचे तळ दिसेनासे होईपर्यंत लाकूड काढा. पटाशी लाकडाच्या तंतूंना आडवी चालवा. तंतूंच्या दिशेने रेटली की ती आत घुसते आणि खालून लांब चिरफळी उपटून आणते. आडवं चालवलं की पृष्ठभाग खडबडीत होतो, पण तो रंध्याचा प्रश्न, पटाशीचा नाही.

प्लायचे पाच आडवे आणि एक उभा असे साचे कापून ठेवा, दर थोड्या वेळाने लावून बघा. शेवटी दिवा जमिनीलगत तिरका धरा, म्हणजे नजरेला न दिसणारे उंचवटे सावलीत उठतात. कडेपासून १५ ते २५ मिमी आत उथळ खोलगट पन्हाळ येते. तबली हलते ती मुख्यतः या पन्हाळीवर. तिला घाईने सँडपेपर मारून सपाट करू नका.

आतून: पाटी उलटी ठेवायची म्हणजे खाली बैठक हवी. घुमटाच्या आकाराची प्लायची चौकट करा आणि तीत जुनी सोलापुरी चादर घडी घालून ठेवा, तबलीला ओरखडा येत नाही. ड्रिलच्या मेजावर, अगदी पात्याच्या खाली, गोल डोक्याची लाकडी खुंटी उभी करा. पातं खाली आल्यावर खुंटीपासून ७.५ मिमीवर थांबेल असं बांधा. आता पाटी खुंटीवर टेकवत दर २०-२५ मिमीला भोक पाडत गेलात, की प्रत्येक भोकाच्या तळाशी बरोबर ७.५ मिमी लाकूड उरतं. भोकं मिटेपर्यंत कोरा. यापुढे गोल पटाशी बाजूला ठेवा आणि छोट्या रंध्यानेच काम करा.

शेवटची जाडी किती ठेवायची?

तबली मध्यभागी ६ ते ६.५ मिमी, तिथून हळूहळू उतरत पन्हाळीत ३.५. पाठ तून किंवा शिवण असेल तर मध्ये ६, पन्हाळीत ४. मेपल असेल तर मध्ये ५.५ आणि पन्हाळीत ३. पाटीवर आतून २५ मिमीचे चौकोन आखा आणि प्रत्येकात पेन्सिलने मोजलेली जाडी लिहा. कंटाळवाणं आहे, पण "हाताला बरी लागते" म्हणून सोडलेल्या तबलीत एका बाजूला ५ आणि दुसऱ्या बाजूला ७ मिमी हमखास निघते. स्प्रूसला सोपी पडताळणी: अंधाऱ्या खोलीत मागून टॉर्च लावा. पातळ जागा लालसर उजळतात.

टिचकी मारून तबली सुरात लावतात, ते खरं का?

टिचकी मारून ऐकणं उपयोगाचं आहे, ठरावीक सूर गाठण्याचा अट्टाहास नाही. प्रत्येक लाकडाचा ताठपणा वेगळा असल्यामुळे एकाच सुरातल्या दोन तबल्यांची जाडी वेगळी निघते. कोरत जाताना टिचकीचा आवाज "टक्"वरून "टंग" होत खोल आणि लांब होतो. पन्हाळीतून लाकूड काढूनही आवाज बदलत नाही, उलट सैल, धबधब वाटू लागला, तर थांबायची वेळ निघून गेली आहे. पहिल्या गिटारला जाडी वरच्या मापावर ठेवा. जाड तबली थोडी लाजते, पातळ तबली सहा महिन्यांत बसते.

कोरताना चिरफळी उडाली किंवा पटाशी आरपार गेली, तर?

चिरफळी शोधा, ती जमिनीवरच असते, आणि लगेच त्याच जागी सरसाने चिकटवा. आरपार गेलं असेल आणि जागा मध्यभागी असेल, तर आतून त्याच लाकडाचा, रेषा त्याच दिशेने ठेवलेला, कडा पातळ केलेला ठिगळ लावा. वाजतं. पन्हाळीत आरपार गेलं, तर नवी पाटी घ्या.

बाजू वाकवताना मोडतात.

बहुतेक वेळा जाड असतात म्हणून. २ ते २.२ मिमीवर आणा. दोन इंची लोखंडी नळी शिकंज्यात पकडून आतून ब्लोटॉर्चने तापवा. पाण्याचा थेंब टाकल्यावर तो नुसता वाफ न होता उड्या मारत पळाला, की नळी तयार. लाकडाला ओलं फडकं पुसा, भिजत घालू नका. मोडणाऱ्या बाहेरच्या अंगाला स्टीलच्या पत्र्याचा पट्टा धरा आणि सर्वांत आवळ वळण, म्हणजे कंबर, आधी घ्या. हाताला लाकूड सैल पडल्यासारखं जाणवतं, तेव्हाच ते वळतं. त्याआधी जोर लावला की कडकन आवाज येतो. वाकवलेल्या बाजू १८ मिमी प्लायच्या चार थरांच्या साच्यात दोन दिवस आवळून ठेवा.

आतल्या पट्ट्या घुमटाला तंतोतंत कशा बसवायच्या?

शाळेच्या खडूने. तबलीच्या आतल्या भागावर, पट्टी येणार त्या जागी खडू घासा. पट्टी १० मिमी जाड, २० मिमी उंच स्प्रूसची, रेघा उभ्या. ती जागेवर ठेवून दोन-तीन मिमी मागे-पुढे हलवा आणि उचला. पट्टीवर जिथे पांढरं लागलं तिथेच पटाशीने किंवा खरवडपट्टीने केसभर काढा. परत ठेवा, परत उचला. सुरुवातीला दोन-तीन ठिपके दिसतात, शेवटी अख्ख्या लांबीवर सलग पांढरी रेघ उमटते. मग खडू ओल्या फडक्याने पुसून, वाळवून चिकटवा. शिकंज्याच्या जोराने पोकळी दाबून बंद करू नका, तो ताण तबलीत कायमचा राहतो. चिकटल्यावर पट्टी मध्ये १५ मिमीपर्यंत उतरवा आणि टोकांकडे शून्यावर आणा.

नेकचा कोन किती?

साधारण ३.५ ते ४.५ अंश, पण हा आकडा उचलून वापरू नका. पूर्ण मापाचा बाजूने दिसणारा आराखडा काढा: घुमट १८ मिमी, त्यावर घोडी २५ मिमी, आणि घोडीच्या माथ्यापासून नटपर्यंत (नेकच्या वरच्या टोकाची, तारा टेकतात ती पट्टी) तार. त्या तारेखाली फिंगरबोर्ड बसवा, कोन आपोआप मिळतो. तुमचा घुमट १६ झाला असेल तर कोनही बदलणार, म्हणून तबली कोरून झाल्यावरच नेकचा सांधा कापा.

नेक १४ व्या फ्रेटला (फ्रेट म्हणजे फिंगरबोर्डवरची धातूची आडवी पट्टी) अंगाला मिळते. तिथून घोडी २८९ मिमीवर आहे. या अंतरावर १ अंशाची चूक म्हणजे घोडीजवळ ५ मिमीची चूक. कोन कमी पडला तर घोडी पूर्ण खाली नेऊनही तारा उंच राहतात, आणि घोडी इतकी बुटकी होते की तबलीवर दाबच येत नाही, आवाज मरतो. आख्ख्या कामात सर्वाधिक गिटारी इथे फसतात. पहिल्या वाद्याला कायमच्या चिकट सांध्याऐवजी चूल-खाचेचा सांधा (एका तुकड्याची जीभ दुसऱ्याच्या खाचेत) करून आतून दोन ६ मिमी बोल्टनी आवळा. कोन चुकला तर काढून घासता येतो.

नेकला दोन्ही दिशांनी फिरणारा ट्रस रॉड, म्हणजे नेकचा वाक कमी-जास्त करणारी सळई घाला. खाच ६ मिमी रुंद. खोली हातात आलेल्या रॉडवरून ठरवा, कॅटलॉगवरून नाही.

फ्रेटच्या जागा कशा काढायच्या?

६४८ ला १७.८१७ ने भागा, पहिला फ्रेट नटपासून ३६.३७ मिमीवर. उरलेल्या लांबीला पुन्हा त्यानेच भागत जा. ताळा: पाचवा १६२.५५, सातवा २१५.५१, बारावा बरोबर ३२४. आखताना मात्र प्रत्येक अंतर नटपासून मोजा. एका फ्रेटपासून पुढचा मोजत गेलात तर पाव-पाव मिमी साठत जाऊन बारावा फ्रेट बेसूर होतो. खाचेची रुंदी फ्रेटच्या जिभेएवढी, बहुधा ०.६ मिमी. २० फ्रेटना सव्वा मीटर तार पुरते.

कोणता डिंक?

सांधे आणि पट्ट्यांना सरस. एक भाग सरस, दोन भाग पाणी, रात्रभर भिजवून ६० अंशांवर तापवायचा. उकळला की ताकद जाते. हिवाळ्यात तो मिनिटभरात थिजतो, म्हणून लाकूड आधी कोमट करा. साधा पांढरा डिंक बाजूंच्या साच्याला, ठोकळ्यांना चालतो, पण सतत ताण असलेल्या सांध्याला नको: तो उष्णतेने मऊ पडतो आणि सावकाश सरकतो. मेमध्ये उन्हात उभ्या गाडीत ६० अंश सहज होतात.

तबलीवर वेलबुट्टी किंवा मोर कोरता येईल का?

भरीव इलेक्ट्रिक गिटारवर खुशाल कोरा, ३-४ मिमी खोलीपर्यंत काही बिघडत नाही. पोकळ गिटारच्या तबलीवर नको. ३.५ मिमीच्या पाटीत २ मिमीची रेघ म्हणजे फाटायची जागा आखून दिल्यासारखं आहे. हौस डोक्याच्या पट्टीवर, नेकच्या टाचेवर आणि शिसमाच्या टेलपीसवर भागवा. टेलपीसवर कोरताना तारा अडकतात त्या भागापासून १० मिमी दूर राहा.

पॉलिश कोणतं?

लाख. ५०० मिलि स्पिरिटला १०० ते १२० ग्रॅम चपडी लाख, दोन दिवस मुरवून गाळलेली. कापसाच्या बोळ्याने पातळ थर, रोज चार-पाचच. पावसाळ्यात लावलं तर पांढुरकी धूसर छटा येते, ती ओलाव्याची. उन्हाळ्याच्या दुपारी स्पिरिट बोळ्यातच उडतं आणि ओरखडे राहतात, तेव्हा सकाळी लावा. विरघळवलेली लाख सहा महिन्यांपेक्षा जुनी झाली की नीट वाळत नाही, चिकट राहते. आतून काही लावू नका. पॉलिश जाड झालं की आवाज झाकला जातो, आणि हे इतकं सर्रास घडतं की पॉलिशवाल्याला "चकाकी थोडी कमी चालेल" हे आधीच सांगावं.

तारा लावल्या, पण आवाज खरखरतो किंवा सूर जुळत नाही.

आधी घोडीचे पाय बघा. तबलीवर १२० नंबरचा सँडपेपर, खरखरीत बाजू वर करून ठेवा आणि घोडी त्यावर पुढे-मागे घासा, पाय पूर्ण टेकेपर्यंत. पायाखाली कागदही सरकता कामा नये. मग बाराव्या फ्रेटवर दाबलेला सूर आणि तिथलाच हार्मोनिक (तार न दाबता, नुसतं बोट टेकवून निघणारा सूर) जुळवा. दाबलेला चढा असेल तर घोडी मागे. घोडी बाराव्या फ्रेटपासून ३२४ मिमीऐवजी दोन ते चार मिमी मागे येते, हे बरोबरच आहे. बाराव्या फ्रेटवर जाड तार २.४ मिमी आणि पातळ तार १.८ मिमी उंच ठेवा. सगळीकडे खरखर असेल तर नेकला ०.२ ते ०.३ मिमी वाक द्या. एकाच ठिकाणी असेल तर तो फ्रेट उचललेला आहे. फ्रेट ठीक असूनही खरखर राहिली, तर आतली पट्टी सुटली आहे का ते एफ-छिद्रातून आरसा घालून पाहा.

उन्हाळ्यात गिटार कशी सांभाळायची?

पेटीत. सोबत छिद्रं पाडलेल्या साबणाच्या डबीत पिळलेला ओला स्पंज, दर दोन-तीन दिवसांनी भिजवायचा. वाळ्याच्या कूलरसमोर ठेवू नका: कूलर चालू असताना खोली ६०-७० टक्क्यांवर जाते आणि बंद झाला की तासाभरात खाली येते. हा रोजचा झोका सलग कोरड्या हवेपेक्षा वाईट. फ्रेटची टोकं हाताला टोचू लागली, तर फिंगरबोर्ड आकसला आहे. टोकं घासू नका, आधी दोन आठवडे ओलावा द्या, बहुतेक वेळा ती परत आत जातात.

शिसम वापरलेली गिटार परदेशी नेता येते का?

भारतीय शिसम २ जानेवारी २०१७ पासून साइट्स, म्हणजे धोक्यातल्या प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरचा आंतरराष्ट्रीय करार, याच्या परिशिष्ट दोनमध्ये आहे. २६ नोव्हेंबर २०१९ पासून तयार वाद्यं त्या अटींतून वगळली आहेत. सुट्या, न घडवलेल्या लाकडाला ही सूट नाही, त्यामुळे बाहेरगावच्या मित्राला नुसती शिसमाची पट्टी पाठवायची असेल तर आधी कागदपत्रांची चौकशी करा.